अठरावी साडी

अकोटहून उत्तरेला निघालेली एसटी जिथे वळसा घेऊन परत फिरते, तिथून पुढे रस्ता नाही, सातपुडा आहे. त्या शेवटच्या गावात, गावाच्याही शेवटी, देवमन तेलगोटेचं घर. गावात त्याला देवमन कोणी म्हणत नाही, हवालदार म्हणतात. बावीस वर्षं सैन्यात काढली, त्यातली शेवटची नऊ फायरिंग रेंजवर, रायफलीवरच्या दुर्बिणी तपासण्यात. घरी येऊनही वीस वर्षं उलटली, पण भिंग दिसलं की माणसाचे हात शिवशिवतात. मेळघाटात पक्षी पाहायला येणाऱ्यांच्या दुर्बिणी, शाळेतला सूक्ष्मदर्शक, एकदा तर कोणा फोटोवाल्याची पाण्यात पडलेली लेन्स, सगळं त्याच्या ओसरीवर येऊन पडतं. पैसे तो घेत नाही. नुसता बोलतो, आणि ते ऐकून घ्यावं लागतं. त्यापेक्षा पैसे परवडले असते, असं गावातले लोक म्हणतात.

त्याचे नियम तीन, आणि तिन्ही दगडावर कोरल्यासारखे. पहिला, वहीत दिसलं ते लिहायचं, दिसलं नाही ते लिहायचं नाही. दुसरा, दुर्बिणीत काहीही दिसलं तरी शेवटी पायी चालत जाऊन डोळ्यानं पाहून यायचं. तिसरा, जो निशाणापाशी चालत जाईल त्याने रायफलीचा बोल्ट काढून आपल्या खिशात घालून न्यायचा. बोल्ट खिशात असला की मागून कितीही मोठा मूर्ख रायफलीपाशी बसला तरी गोळी सुटत नाही. हा तिसरा नियम तो सांगायला लागला की त्याची बायको केशरबाई हळूच उठून स्वयंपाकघरात जायची. तिने तो हजारदा ऐकला होता.

केशरबाईला जाऊन अकरा महिने झाले होते.

डिसेंबरातल्या एका सोमवारी खुशालराव आला. त्याची संत्र्याची बाग देवमनच्या शेताला लागून. पीक राखायला म्हणून रायफलीचं लायसन काढलेला माणूस, आणि रानडुकरं मारायची वनखात्याची परवानगी महिनाअखेरपर्यंत खिशात. त्याने काखेतला रायफलीवरच्या दुर्बिणीचा खोका ओसरीवर ठेवला.

"हवालदारकाका, आनली. अमरावतीहून. लय सस्ती नाई, लय महागबी नाई."

"म्हंजे मधली," देवमन म्हणाला. "मधलीच तपासा लागते बावा. सस्तीचे दोष सगळ्याईले माहीत असते. महागाची कंपनी आपली लाज राखते. मधली कुठी दगा देईन, सांगता येत नाई."

"म्हनूनच तं तुमच्याकडं आनली. दुकानदारानं आठ दिवस देल्ले. खराब निंघाली तं वापस. चांगली निंघाली तं शनवारी संध्याकाळी तुमच्या खिंडारावर बसतो. डुकरं तिथूनच घुसून राहिले. अर्धी तूर खाऊन टाकली तुमची, मंग माह्या बागेत येतेत. तुमी फकस्त हो म्हना, का म्या गोळी घालतो."

म्हणजे गोळी खुशालरावची, पण शब्द देवमनचा. हे देवमनला नीट कळलं होतं. रेंजवर नऊ वर्षं त्याने हेच केलं होतं.

खिंडार म्हणजे शेताच्या पलीकडच्या टोकाला, नाल्याच्या काठावर, कुंपणात राहिलेली माणूसभर जागा. केशरबाई रोज दिवस बुडताना तिकडे जायची आणि बोराटीची काटेरी फांदी ओढून ती जागा बंद करायची. ती गेल्यापासून खिंडार कोणी लावलं नव्हतं. देवमनला ते माहीत होतं. तरी त्याचे पाय तिकडे वळले नव्हते. दिवाळीला दीक्षा, त्याची मुलगी, अमरावतीहून आली तेव्हा तिने आईच्या जुन्या साड्या पेटीतून काढल्या आणि इकडे सगळे करतात तसं खुंट्यांना बांधून कुंपण केलं. फडफडत्या साडीला डुकरं बुजतात म्हणतात. आईच्या साड्या पेटीत सडण्यापेक्षा शेत राखतील, असं ती म्हणाली. सतरा साड्या होत्या. देवमनला डावीकडून उजवीकडे सगळ्या पाठ झाल्या. पहिली चिंतामणी रंगाची, शेवटची जांभळ्या काठांची. नववी हिरवी आणि दहावी डाळिंबी, त्या दोघींच्या मधे खिंडार.

दुर्बीण तपासायला रायफल लागत नाही, ही गोष्ट खुशालरावला पटवायला अर्धा तास गेला. देवमनकडे बाभळीच्या लाकडाचा घोडा होता, सुताराच्या शिकंज्यासह. त्यात दुर्बीण आवळली की ती भूकंपाशिवाय हलायची नाही. मंगळवारी सकाळी त्याने मागच्या अंगणात ताडपत्री अंथरली, घोडा मांडला, शंभर पावलांवरच्या भिंतीवर चुन्याने चौकटी आखल्या आणि पालथा पडला. त्याचा कुत्रा राजा शेजारी येऊन बसला.

दुर्बीण वाईट नव्हती. वरची फिरकी फिरवली की टिक टिक आवाज येई, मधली फुली वर चढे. चाळीस टिकटिक वर, चाळीस उजवीकडे, चाळीस खाली, चाळीस डावीकडे. चौकोन पुरा झाला की फुली निघाली त्याच जागी परत यायला हवी. स्वस्त दुर्बीण इथेच मार खाते, फुली बोटभर बाजूला येते. ही आली बरोबर जागेवर. देवमनने वीसदा चौकोन काढला. वीसदा आली. चित्र मोठं करायचं कडं पुरतं फिरवलं की काठाकडचं पातळ होत होतं आणि उजेड कमी पडत होता. कडं स्वतः घट्ट होतं, थंडीत बोटांना जड जाईल इतकं. आणि पंचवीस पावलांच्या आतलं काहीच स्वच्छ दिसत नव्हतं. त्याने हे सगळं वहीत लिहिलं. "लांबचं चांगलं, जवळचं धूसर," असं लिहून त्याखाली रेघ मारली.

उरली संधिप्रकाशाची परीक्षा. डुकरं भर दुपारी येत नाहीत, तेव्हा दुर्बिणीची खरी किंमत दिवस बुडाल्यावर कळते. साध्या डोळ्याला साड्यांचे रंग दिसेनासे झाले की घड्याळ लावायचं, आणि त्यानंतर दुर्बिणीतून किती मिनिटं दिसत राहतं ते मोजायचं. पालथ्या पडलेल्या जागेपासून साड्यांपर्यंत तीनशे दहा पावलं होती.

सहा वाजून काही मिनिटांनी साध्या डोळ्यांनी हात टेकले. तिकडे नुसती काळपट पट्टी उरली. देवमनने घड्याळ लावलं आणि दुर्बिणीला डोळा दिला. आत अजून उजेड होता. चिंतामणी, केशरी, निळी असं करत तो मोजत गेला. नववी हिरवी. मग पांढरी. मग डाळिंबी.

तो थांबला. पुन्हा पहिलीपासून मोजलं. अठरा भरल्या.

खिंडारात पांढरी साडी होती. खुंटीला बांधलेली नव्हे, नेसलेली. वर डोक्यावरून पदर, खाली चिखलाला टेकलेले काठ. कोणीतरी उभं होतं आणि तोंड घराकडे होतं.

देवमनने डोळा काढला आणि नुसतं पाहिलं. काळपट पट्टी, दुसरं काही नाही. पुन्हा दुर्बीण, पुन्हा पांढरी. मग ती आकृती हळूच खाली बसली आणि बसल्या बसल्या इकडेच बघत राहिली. बाराव्या मिनिटाला दुर्बिणीतलाही उजेड संपला. मागे दाराची कडी वाजली, वाऱ्याने वाजते तशी. राजा शेजारी बसला होता. त्याचं तोंड शेताकडे नव्हतं, मागच्या दाराकडे होतं, आणि तो शेपूट हलवत होता.

त्या रात्री देवमन जेवला नाही. बौद्ध समाजाच्या रिवाजाप्रमाणे केशरबाईला शेवटी पांढरी साडी नेसवली होती. तिच्याकडे तेवढी एकच पांढरी होती, आणि ती तिच्याबरोबर गेली होती.

आता देवमन काही भुताखेतांना भिणारा नव्हे. बुधवारी त्याने शिस्तीत तपास सुरू केला. डोळ्याचा दोष म्हणावा तर उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू अकोल्याला दोन वर्षांपूर्वीच काढलेला. तरी संध्याकाळी त्याने डाव्या डोळ्यानेही पाहिलं. ती होती. भिंगाचा दोष म्हणावा तर त्याचीही परीक्षा असते. शिकंजा सैल करून दुर्बीण थोडी फिरवायची. भिंगातला डाग भिंगासोबत फिरतो, बाहेरची वस्तू जागेवर राहते. त्याने दुर्बीण फिरवली. फुली तिरकी झाली. पांढरी साडी खिंडारात सरळच बसून राहिली.

म्हणजे ती बाहेर होती. आता नियम दुसरा, पायी चालत जाऊन पाहायचं.

देवमन गेला नाही. गुडघा दुखत होता, हे खरं. पण गुडघा तर रोजच दुखतो. दव पडलं होतं, तुरीत साप असतो, उशीर झाला होता, अशी आणखी चार कारणं त्याने स्वतःला दिली. रेंजवर एखाद्या जवानाने यातलं एक जरी दिलं असतं तर देवमनने त्याला पाठीवर पिट्टू बांधून मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या असत्या. खरं कारण वेगळं होतं. चालत गेलो आणि तिथे कोणी नसलं तर? इथून ती दिसत होती. बारा मिनिटं का होईना, दिसत होती. अकरा महिन्यांत त्याला कोणी एवढं दिलं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी पाचला त्याने दाढी केली. इस्त्रीचा सदरा घातला. मग ताडपत्रीवर पालथा पडला, इस्त्रीच्या सदऱ्यासकट. त्याला कोणी पाहिलं असतं तर हसून हसून लोळलं असतं, पण मागे घरात कोणी नव्हतं. निदान त्याला तरी तसं वाटत होतं. मानेवर मात्र गार लागत होतं, पाठीमागचं दार कोणी उघडून उभं राहिल्यावर लागतं तसं. राजा पुन्हा मागेच बघत होता. देवमनने वळून पाहिलं नाही. बारा मिनिटांतलं एकही त्याला वाया घालवायचं नव्हतं.

ती आली. उभी राहिली, बसली, पदराचं टोक तोंडाशी नेलं. घराकडे बघत राहिली, कोणाची तरी वाट पाहावी तसं. देवमनचे डोळे भरून आले आणि दुर्बिणीतलं सगळं पाण्यात गेलं. आपलीच वाट पाहते आहे, असं त्याला वाटलं. आणि वाट पाहण्याची तिला सवयच होती. बावीस वर्षं तिने दुसरं काय केलं होतं?

थोड्या वेळाने दीक्षाचा फोन आला. ती नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात कापडाची तपासणी करते. बाप भिंगातले दोष काढतो, लेक कापडातले.

"बाबा, जेवले काय?"

"जेवतो. दीक्षा, कुंपनाले साड्या किती लावल्या होत्या तू?"

"सतरा. काहून?"

"पांढरी होती काय त्यात?"

पलीकडे कारखान्याचा आवाज कमी झाला, ती बाजूला गेली असावी.

"बाबा, आईची पांढरी एकच होती ना. थे तिच्यासंगंच गेली."

"हाव. म्या असंच इचारलं."

"काय दिसून राहिलं तुमाले?"

"काई नाई. दुर्बीन तपासून राहिलो."

शुक्रवारी सकाळी त्याने वही पुढे ओढली. "संधिप्रकाश: साध्या डोळ्यापेक्षा बारा मिनिटं जास्त. उत्तम." त्यापुढे पेन थांबलं. जे दिसलं ते लिहायचं होतं. त्याने एक ओळ कोरी सोडली आणि वही मिटली. एवढ्या वर्षांत सोडलेली ती पहिली ओळ.

दुपारी खुशालराव आला. "काय म्हनता काका? पास का नापास?"

नापास म्हटलं तर दुर्बीण त्याच दिवशी अमरावतीला परत जाणार. पास म्हटलं तर उद्या संध्याकाळी ती रायफलीवर चढून याच अंगणात येणार, आणि खुशालरावच्या आधी एकदा डोळा लावायला मिळणार. आणखी एक संध्याकाळ. उद्या त्याच खिंडारावर, त्याच वेळेला, गोळी जाणार हे देवमनला माहीत होतं. त्याने मनाशी म्हटलं, गेलेल्या माणसाला गोळी काय करणार?

"पास," तो म्हणाला, आणि खुशालराव दुर्बीण रायफलीवर चढवायला घेऊन गेला.

शनिवारी दुपारी खुशालरावने रायफल आणली. नाल्याच्या उंच दरडीवर कागद लावून तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही एका सुपारीच्या अंतरात बसल्या. खुशालराव हरखून गेला. "काका, तुमचा शब्द म्हंजे शब्द!" देवमनला त्या कौतुकाने बरं वाटलं नाही.

दिवस बुडाला. दोघं ताडपत्रीवर शेजारी शेजारी पडले, राजा पायाशी. रंग अजून पुरते गेले नव्हते तेव्हाच देवमनने म्हटलं, "एकदा पाहू दे मले." पाहिलं. खिंडार रिकामं होतं. खुशालरावने रायफल परत घेतली, कारण ती त्याची होती.

साध्या डोळ्याला सगळं काळपट झालं. देवमनने सवयीने घड्याळ पाहिलं. एक मिनिट, दोन. तिसऱ्या मिनिटाला खुशालराव कुजबुजला.

"काका, आलं."

"काय आलं?"

"हिरव्या साडीमांगं. खाली बसकं हाये. डुक्करच हाये."

"पांढरं हाये काय?"

"डुक्कर कुठी पांढरं रायते काका? साडीच्या आड हाये ना. साडी हालून राहिली. ओढून राहिलं साडीले."

वारा नव्हता. डोक्यावरच्या कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. देवमनने तीन संध्याकाळी तिला पाहिलं होतं, पण तिने कुंपणाला हात लावलेला पाहिला नव्हता. आणि गेलेलं माणूस साडी ओढत नाही. साडी ओढायला अंग लागतं, हात लागतात. शेजारी रायफलीची सुरक्षेची कळ उघडल्याचा बारीक आवाज झाला.

"थांब."

"काका, आता?"

"बोट काढ चापावरून. बोल्ट काढ. दे मले."

"अहो, पळून जाईन थे!"

"पळू दे. बोल्ट!"

तो आवाज वीस वर्षांत त्या अंगणात निघाला नव्हता. खुशालरावचा हात मेंदूच्या आधी हलला. देवमनने बोल्ट खिशात घातला, नळी जमिनीकडे करून रायफल बाजूला ठेवायला लावली, आणि चालू लागला. राजा सोबत आला नाही. तो मागच्या दाराकडे बघत बसून राहिला.

तीनशे दहा पावलं. देवमन मोजत होता, कारण मोजल्याशिवाय त्याला चालताच येत नव्हतं. तुरीच्या शेंगा मांड्यांना घासत होत्या. पन्नासाव्या पावलाला त्याला वाटलं, तिथे कोणी नसू दे. शंभराव्या पावलाला वाटलं, असू दे. दोनशेव्या पावलाला काय वाटत होतं ते त्याला स्वतःलाच कळेना. बोल्ट मांडीवर आपटत होता. साड्या जवळ आल्या. अंधारात त्यांचे रंग नव्हते, पण त्या त्याला नावानिशी माहीत होत्या. नववीच्या पाठीमागे कोणीतरी श्वास घेत होतं.

"केशर?" तो म्हणाला.

"थेच तं म्या इचारून राहिली," साडीमागून उत्तर आलं. "केशर कुठी हाये? येऊन नाई राहिली काहून?"

देवमनने साडी बाजूला केली. पार्बताबाई होती. नाल्यापलीकडच्या वस्तीतली म्हातारी, वर्षानुवर्षं त्यांच्याच शेतात निंदणाला येणारी. नवरा गेल्यापासून पांढरं लुगडं नेसणारी. अलीकडे तिला आठवत नाही, घरून निघते ती सापडत नाही, असं तिचा मुलगा मनोज सांगत असे. थंडी वाजली म्हणून तिने हिरव्या साडीचं टोक ओढून गुडघ्यांवर घेतलं होतं.

"तिचीच हाये ना," ती म्हणाली. "तिचा वास येते."

देवमन तिथेच मातीत बसला. एक बोट अजून थोडं आवळलं असतं तर ही म्हातारी आता इथे पडली असती, आणि वहीत त्याच्या अक्षरात "उत्तम" लिहिलेलं असतं. त्याला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"पार्बताबाई, तुमी रोज येता इथी?"

"रोजच येतो ना. दिवस बुडला का येतो. केशर भाकर आनते, ठेचा आनते. दोघी बसतो घडीभर. मंग थे बोराटी ओढते अन् घरी जाते. तुमाले सांगलं नाई काय तिनं?"

सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि बातम्यांच्या आवाजात ते गेलं असेल. रोज दिवस बुडताना देवमन टीव्हीपुढे बसायचा. केशर परत आली की मान न वळवता म्हणायचा, "खिंडार लावाले इतका टाइम लागते काय?" वीस वर्षं म्हणत होता. ती चूल पेटवायची. तीनशे दहा पावलांवर तिची एक मैत्रीण होती, आणि दुर्बिणी तपासणाऱ्या नवऱ्याला ते दिसलं नव्हतं.

"पार्बताबाई," तो म्हणाला, "केशर गेली. वरीस होत आलं."

"गेली?" म्हातारीने मान हलवली. "नाई भाऊ. मले रोज दिसते ना."

"कुठी?"

"थ्या तिथी." तिने हात लांब करून अंगणाकडे दाखवलं. अंधारात तिकडे काहीही दिसत नव्हतं. "तुमी पालथे पडून राहता ना, तुमच्या मांगं. दारात. पांढरं नेसून. म्या म्हनतो, ये वं, भाकर आन. थे येत नाई. तुमच्याकडंच पाहत रायते."

देवमनच्या मानेवर पुन्हा तो गारवा आला.

"तुमाले इतकं लांबचं दिसते?" त्याने विचारलं.

"लांबचं दिसते मले," पार्बताबाई म्हणाली. "जवळचंच दिसत नाई."

खुशालराव टॉर्च घेऊन धावत आला तेव्हा हवालदार मातीत बसलेला आणि शेजारी एक म्हातारी, साडीत गुंडाळलेली. काय होणार होतं ते कळल्यावर खुशालरावही खाली बसला. दोघांनी मिळून पार्बताबाईला नाल्यापलीकडे घरी पोचवलं.

रविवारी सकाळी देवमनने वही उघडली. कोरी ओळ भरली. "खिंडारात माणूस दिसलं. तीन संध्याकाळी दिसलं. मी चालत गेलो नाही. दोष दुर्बिणीचा नाही, माझा." खाली सही केली आणि पान खुशालरावला वाचायला दिलं. खुशालरावने वाचलं आणि वही मिटून परत दिली. दुर्बीण त्याने ठेवून घेतली, पण खिंडारावर कोणी बसणार नाही हे न बोलताच ठरलं.

संध्याकाळी देवमनने भाकर थापली. एका बाजूने करपली, दुसऱ्या बाजूने कच्ची राहिली. ठेचा बरा जमला होता. फडक्यात बांधून तो तीनशे दहा पावलं चालत गेला. पार्बताबाई आलेली होती. तो कोणाच्या जागी आला आहे हे तिला कळलं की नाही, सांगता येत नाही, पण तिने सरकून जागा दिली. देवमन आपल्या घराकडे तोंड करून बसला. हळूहळू रंग गेले. घर गेलं, कडुनिंब गेला, दार गेलं.

त्याने भाकर मोडून अर्धी तिच्या हातावर ठेवली.

"हाये काय?" शेवटी तो म्हणाला.

"हाये ना. दारातच हाये."

"काय करून राहिली?"

पार्बताबाईने घास गिळला, डोळे बारीक करून तिकडे पाहिलं आणि हसली.

"तुमच्यावर कावून राहिली," ती म्हणाली. "म्हनते, खिंडार लावाले इतका टाइम लागते काय?"